जुना चिनी चहा आणि मातीचा टीपॉट: ऑनलाइन घेताना चाखायचं कसं, बघायचं काय

चिनी चहाच्या नादाला लागलेली बहुतेक माणसं आधी टीपॉट घेतात. तळहातावर मावेल असा तो चीनमधल्या यिशिंग शहरचा लालसर मातीचा टीपॉट फोटोत इतका गोड दिसतो की राहवत नाही, आणि मग त्यात करायचं काय म्हणून चहा शोधायला लागतात. माझं म्हणणं, हा क्रम उलटा करा. आधी चहाची सॅम्पलं मागवा, छोटी छोटी पण बरीच, मग त्यातला जो आवडेल तो थोडा जास्त, आणि टीपॉट सगळ्यात शेवटी. कारण माती कुठली, पॉट केवढा, जाड की पातळ हे सगळं तुम्ही त्यात कुठला चहा करणार यावर ठरतं, आणि कुठला चहा आवडतो हे चाखल्याशिवाय आपलं आपल्यालाच कळत नाही. शिवाय या दोन्ही बाजारांत वस्तूबरोबर गोष्टी विकल्या जातात, अमुक डोंगरावरचं शेकडो वर्षांचं झाड, तमुक उस्तादाच्या हातचा पॉट, आणि गोष्टीचे पैसे वस्तूपेक्षा जास्त लावतात. जीभ आणि डोळा तयार झाला की त्या गोष्टींवर विसंबायची गरज उरत नाही.

जुना चहा म्हटलं की पहिलं नाव पु-एर. चीनच्या युन्नान प्रांतातला, मोठ्या पानाच्या झाडाचा, आणि ही जात म्हणजे आपल्या आसाम चहाचीच बरं का. पानं कढईत परततात, वळतात, उन्हात वाळवतात आणि मग वाफेवर मऊ करून दाबून त्यांच्या चकत्या करतात. नेहमीची चकती ३५७ ग्रॅमची असते, अशा सात चकत्या बांबूच्या सालीत बांधल्या की त्याला तोंग म्हणतात. याचे दोन प्रकार पक्के लक्षात ठेवा, नाहीतर ऑर्डर करताना घोळ होईल. शेंग म्हणजे कच्चा, तो नवीन असताना कडक, कडवट, तुरट असतो आणि वर्षानुवर्षं ठेवून हळूहळू मवाळ होत जातो. शोऊ म्हणजे पिकवलेला, पानांचा ढीग करून त्यावर पाणी मारून दीड-दोन महिन्यांत आंबवलेला. ही ढिगाची पद्धत १९७० च्या दशकात युन्नानमधल्याच कुनमिंग आणि मेंगहाईच्या कारखान्यांनी बसवली, जुन्या चहासारखी चव लवकर मिळावी म्हणून. शोऊ काळाकुट्ट दिसतो पण प्यायला गुळगुळीत, सौम्य, आणि दूधवाल्या चहाची सवय असलेल्या माणसाला हाच आधी रुचतो असा माझा अनुभव आहे.

पु-एरशिवाय ग्वांगशी प्रांतातला लिउ बाओ आहे, जो मलेशियातल्या कथलाच्या खाणींवर गेलेल्या चिनी मजुरांबरोबर तिकडे पोचला आणि म्हणून जुना लिउ बाओ आजही मलेशियातल्या विक्रेत्यांकडे मिळतो. फुजियानमधल्या फुडिंगचा जुना पांढरा चहा आहे, त्याच्याबद्दल 'एक वर्षाचा चहा, तीन वर्षांचं औषध, सात वर्षांचा खजिना' अशी चिनी म्हण आहे आणि या म्हणीमुळेच पानं भाजून, वाफवून काळपट करून 'जुना' म्हणून विकायचे प्रकार वाढलेत. जुना ऊलोंगही (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) असतो. पण सुरुवात पु-एर आणि लिउ बाओवर करा, सॅम्पल सहज मिळतात आणि तुलनाही नीट करता येते.

पहिली ऑर्डर

युन्नान सोर्सिंगसारखे चीनमधून जगभर पाठवणारे विक्रेते बऱ्याच चकत्या फोडून १० किंवा २५ ग्रॅमची पाकिटं विकतात. शक्यतो २५ ग्रॅम घ्या. एका वेळेला ५ ग्रॅम लागतात, म्हणजे पाच वेळा चहा होईल, आणि पहिल्या खेपेला तर नवीन चहाबद्दल फारसं काही कळतच नाही, पाणी किती गरम होतं, पानं जास्त पडली का, सकाळी काय खाल्लं होतं, सगळ्याचा परिणाम होतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मत बनतं.

काय मागवायचं ते सांगते. एक, आठ-दहा वर्षांचा साधा कारखान्याचा शोऊ, मेंगहाईच्या दायी ब्रँडचा ७५७२ (हे आकडे कसे वाचायचे ते पुढे सांगते) मिळाला तर उत्तम कारण तो सगळीकडे मिळतो आणि पुढच्या प्रत्येक शोऊची तुलना त्याच्याशी करता येते. दोन, त्याच कारखान्याचा ७५४२ हा शेंग, एक गेल्या दोन-तीन वर्षांतला आणि एक १२-१५ वर्षांचा. नवीन मुद्दाम घ्यायचा, तो कडू लागेल, पण तो चाखल्याशिवाय वर्षांनी नक्की काय बदललं ते कसं कळणार? तीन, युन्नानमधल्या दालीच्या श्यागुआन कारखान्याचा जुना तुओ, म्हणजे वाटीच्या आकारात दाबलेला, यांचा चहा खूप घट्ट दाबलेला असतो आणि त्यात धुराचा वास असतो, काहींना तो अजिबात आवडत नाही, मला आवडतो. चार, थोडा लिउ बाओ. आणि पाचवं सॅम्पल, जे लोक सहसा घेत नाहीत पण ज्यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळतं, ते म्हणजे एकच चहा, एकाच वर्षाचा, पण दोन वेगळ्या गावांत साठवलेला.

कारण जुन्या चहात साठवण म्हणजे अर्धी चव. कुनमिंग उंचावर, हवा कोरडी, तिथे ठेवलेला चहा सावकाश बदलतो, सुगंध टिकतो पण कडवटपणाही बराच राहतो. ग्वांगडोंग, हाँगकाँग, मलेशिया इथली हवा गरम आणि दमट, तिथला चहा दहा वर्षांतच गडद आणि मऊ होतो. हाँगकाँगची पारंपरिक साठवण तर त्याहून वेगळी, तिथे चहा मुद्दाम दमट गोदामात ठेवायचे आणि नंतर मोकळ्या हवेवर काढायचे, अशा चहाला ओल्या मातीचा, तळघराचा वास येतो. हा वास म्हणजे दोष नाही, तो नीट हवेशीर केलेला असला तर पहिल्या दोन कपांनंतर मागे सरतो आणि खालची गोडी वर येते. पण तुम्हाला तो झेपतो की नाही हे अख्खी चकती घ्यायच्या आधी कळायला हवं. त्यामुळे विक्रेत्याला प्रत्येक वेळी विचारा, हा चहा कुठल्या शहरात होता, किती वर्षं, आणि तुमच्याकडे कधी आला. ज्याला हे माहीत असतं तो एका ओळीत उत्तर देतो. जो नुसतंच 'ड्राय स्टोरेज, व्हेरी गुड' म्हणतो त्याच्याकडून सॅम्पलच घ्या, चकती नको.

कागदावर काय लिहिलंय

७५४२ मधला ७५ म्हणजे उत्पादनाचं वर्ष नाही! ती रेसिपी १९७५ सालची, ४ म्हणजे पानाची सरासरी प्रत आणि शेवटचा २ म्हणजे मेंगहाई कारखाना. १ असेल तर कुनमिंग, ३ असेल तर श्यागुआन. '७५४२ म्हणजे १९७५ चा चहा' असं सांगून किंवा तसं भासवून विकणारे आहेत म्हणून हे आधी सांगितलं. दायीच्या चकतीवर बॅच नंबर वेगळा असतो, ५०१ म्हणजे २००५ ची पहिली बॅच, १४०१ म्हणजे २०१४ ची पहिली. फोटोत तो नंबर दिसत नसेल तर मागून घ्या.

दुसरी खूण सोपी आहे. चिनी खाद्यपदार्थांवर पूर्वी क्यूएस असा निळा शिक्का असायचा, तो २००० नंतर आला. २०१५ पासून त्याच्या जागी एससीने सुरू होणारा परवाना क्रमांक आला आणि ऑक्टोबर २०१८ पासून क्यूएस वापरणं बंदच झालं. म्हणजे '१९९६ ची चकती' म्हणून दाखवलेल्या कागदावर क्यूएस असेल तर तिथेच थांबा, आणि एससी असलेली चकती २००८ ची असू शकत नाही. उलट बाजूने मात्र हे चालत नाही हं, शिक्का बरोबर आहे म्हणून चहा खरा असं नाही, कागद कोणीही छापतं.

आणि भाव बघा. 'अठ्ठ्याऐंशी छिंग' नावाची एक प्रसिद्ध चकती आहे, १९८० च्या दशकाच्या शेवटापासून पुढच्या काही वर्षांतली, हाँगकाँगमध्ये कोरडी साठवलेली ७५४२. ती आज एकेक चकती लाखांत जाते. हेच नाव लावून कोणी दोन-अडीच हजारांत देत असेल तर तो दुसराच कुठला तरी चहा आहे, कदाचित पिण्यालायक असेलही, पण तो नाही. एकूणच १९९० च्या आधीच्या चहाच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये असं मला मनापासून वाटतं. २००३ ते २०१२ मधला चहा बघा, तो पुरेसा बदललेला असतो आणि भाव अजून आवाक्यात असतात. त्यातही २००५ ते २००७ चा माल जरा जपून, त्या काळात पु-एरचे भाव वेड्यासारखे चढले होते आणि २००७ मध्ये फुगा फुटला, तेव्हा घाईघाईत दाबलेला बराच सुमार चहा आज 'वीस वर्षं जुना' म्हणून फिरतोय. जुना आहे हे खरंच, पण मुळात वाईट असलेला चहा जुना होऊन चांगला होत नाही.

चाखायचा कसा

सॅम्पल आल्या आल्या पिऊ नका. प्रवासात पाकीटबंद राहून चहा गप्प होतो, आठ-दहा दिवस तसाच राहू द्या, पाकीट किंचित उघडं ठेवून, स्वयंपाकघरापासून लांब. मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवलात तर हिंगाचा वास शोषून घेईल.

भांडं एकच, १०० मिलीचं पांढरं पोर्सलिनचं गाइवान, म्हणजे झाकण आणि बशी असलेला बिनकानाचा कप. पोर्सलिन स्वतःचं काही घालत नाही, काही खातही नाही, चहा जसा आहे तसा दाखवतं, म्हणून सॅम्पल चाखायला मातीचा पॉट कधीच वापरू नका. सोबत एक काचेचा छोटा जग आणि दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. काट्यात कंजूषी नको, दाबलेल्या चहाचा अंदाज डोळ्याने अजिबात येत नाही.

पाणी महत्त्वाचं. मुंबईचं तलावाचं पाणी मऊ असतं, ते गाळून छान चालतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर चहा मातकट आणि सपाट होतो, आणि आरओचं अगदी रिकामं पाणी असेल तर चव येते पण अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, येत नाही, तेव्हा आरओमध्ये थोडं नळाचं मिसळून बघा किंवा बाजारातलं कमी क्षारांचं पाणी आणा.

५ ग्रॅम चहा, खळखळ उकळलेलं पाणी. पहिलं पाणी घालून लगेच ओतून टाका, शोऊ किंवा दमट साठवणीचा चहा असेल तर दोनदा. मग झाकण उचलून आतल्या ओल्या पानांचा वास घ्या, हा वास बरंच काही सांगून जातो. मग पहिला कप ८-१० सेकंदांचा, पुढचे दोन-तीन तेवढेच, मग हळूहळू वेळ वाढवत न्या. चांगला जुना चहा आठ-दहा वेळा आरामात निघतो. सॅम्पलच्या पाकिटात चुरा जास्त असेल तर पहिले कप भसकन गडद येतील, तो चहाचा दोष नाही, वेळ कमी करा.

आता बघायचं काय. रस्सा स्वच्छ हवा, गडद असला तरी पारदर्शक, काचेतून पलीकडचं दिसलं पाहिजे. गढूळ असेल तर संशय घ्या. वासात जुनं लाकूड, कापूर, खारीक, कोरडी पानं हे सगळं चालतं, कापराचा वास तर चांगल्या जुन्या शेंगची ओळखच मानतात. नवीन शोऊला कधी मासळीकडे झुकणारा वास येतो, तो ढिगाचा, दोन-तीन वर्षांत उडतो. आंबूस चव, बुरशीचा कुबट वास जो पाचव्या कपातही जात नाही, आणि घसा खवखवणं, कोरडा पडणं, या तीन गोष्टी दिसल्या की नावावर काट मारा. आणि एक गोष्ट मुद्दाम शोधा, घोट गिळल्यावर थोड्या वेळाने घशातून परत येणारी गोडी. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर जे होतं ना, अगदी तसं. कडवटपणा आधी येऊन मग गोडीत वळला तर चहात दम आहे, कडवटपणा तसाच जिभेवर बसून राहिला तर पुढची दहा वर्षं ठेवूनही फार काही हाती लागेल असं वाटत नाही.

चहा संपल्यावर पानं फेकू नका. पांढऱ्या ताटलीत पसरा आणि बोटांनी एकेक उलगडा. खऱ्या जुन्या शेंगचं पान तपकिरी असतं, कुठे कुठे हिरवट छटा राहिलेली, ओलं असताना लवचिक, दोन बोटांत धरून हलकेच ओढलं तर ताणतं आणि उघडून सपाट होतं. शोऊचं पान काळं, एकतर कडक नाहीतर चिखलासारखं मऊ, नीट उलगडत नाही. 'तीस वर्षांचा शेंग' म्हणून आलेल्या सॅम्पलमध्ये तपकिरी पानांत अशी काळी कडक पानं मिसळलेली सापडली की समजा, रंग आणि मवाळपणा आणायला शोऊ घातलाय. ही भेसळ कपात पकडणं अवघड, ताटलीत सोपं.

दोन सॅम्पलांत ठरत नसेल तर दोन सारख्या कपांत प्रत्येकी ३ ग्रॅम आणि १५० मिली उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवा आणि शेजारी शेजारी प्या. मुद्दाम जास्त वेळ ठेवायचं, म्हणजे जे काही लपलंय ते बाहेर येतं. ही चव घ्यायला सुखाची नाही पण निकाल लावते. कुठला कप कुठला हे दुसऱ्याला लावायला सांगा, भाव माहीत असला की महागडा चहा आपोआप चांगला लागतो. आणि हे सगळं उपाशीपोटी नको, चहा कडक असतो, गरगरतं.

आवडलाच तर लगेच ऑर्डर करा, त्याच विक्रेत्याकडून, त्याच लिस्टिंगमधून. दुसरीकडे तोच कागद स्वस्तात दिसेल पण साठवण वेगळी, म्हणजे तो चहा वेगळा.

आता टीपॉट

जिआंग्सू प्रांतात यिशिंग नावाचं शहर आहे, त्यातलं डिंगशू गाव हे या धंद्याचं केंद्र. तिथल्या हुआंगलोंग डोंगरातून निघणाऱ्या खनिजाला झिशा म्हणतात. हे कुंभाराच्या चिखलासारखं नसतं, दगडासारखं निघतं, ते उघड्यावर मुरवतात, दळतात, मग मळतात. पॉट चाकावर करत नाहीत, मातीचे पत्रे थापून, गोल गुंडाळून, लाकडी थापीने ठोकून आकार देतात, साच्याची मदत घेतली तर त्याला अर्ध-हातकाम म्हणतात. भाजायचं तापमान ११०० अंशांच्या वर, ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप नाही, त्यामुळे पॉट पाणी गळू देत नाही पण चहाचा थोडा अंश धरून ठेवतो.

डोंगरातलं खाणकाम २००० च्या दशकात बंद झालं. जुने साठे आहेत, पण जगात 'मूळ खाणीची माती' म्हणून जेवढे पॉट विकले जातात तेवढी माती कुठून येणार? २०१० मध्ये चीनच्याच सीसीटीव्ही या सरकारी टीव्ही चॅनेलने दाखवलं होतं की साध्या मातीत रंगाची रसायनं मिसळून झिशा म्हणून विकतात. म्हणून भडक रंग टाळा, गडद हिरवा, निळा, कोळशासारखा काळा, चकचकीत शेंदरी. साधा जांभळट तपकिरी झिनी घ्या, पहिल्या पॉटला तोच बरा, शोऊ आणि जुन्या शेंगला तोच लागतो. नारिंगी-लाल झुनी भाजताना खूप आकसते, तुटफूट जास्त होते म्हणून महाग, ती पातळ पॉटांत ऊलोंगसाठी छान. स्वस्तात 'खरी झुनी' कोणी देत नाही.

पहिला पॉट १०० ते १४० मिलीचा, साधा गोल आकार, श्वेइपिंग किंवा शीशी (ही आकारांची चिनी नावं), तोंड रुंद म्हणजे दाबलेल्या चहाचे तुकडे आत जातात. नक्षीकाम, ड्रॅगन, बांबूच्या गाठी काही नको, नक्षीखाली माती आणि हातकाम लपतं, साध्या पॉटात सगळं उघडं दिसतं. आणि विक्रेत्याकडून हे मागा: काठोकाठ किती मिली, रिकाम्याचं वजन किती, उन्हात काढलेला फोटो, झाकणाच्या खालच्या बाजूचा फोटो, आतला फोटो टॉर्च मारून, आणि पाणी ओततानाचा व्हिडिओ. वजन एवढ्यासाठी की सारख्या मापात जड पॉट म्हणजे भिंत जाड, उष्णता जास्त धरणार, पु-एरला ते चांगलं.

आतला फोटो सगळ्यात महत्त्वाचा. बाहेरून सगळे पॉट घासून गुळगुळीत करतात, आत कोणी तेवढा वेळ घालवत नाही, त्यामुळे पॉट कसा बनला ते आत दिसतं. हाताने केलेल्यात तळ आणि भिंत जिथे जुळते तिथे बोट किंवा हत्यार फिरवल्याच्या खुणा असतात, मुठीच्या मागच्या बाजूला पत्र्याचा उभा जोड कधी पुसट दिसतो, आणि मातीत बारीक कण, अभ्रकाची चमक, एखादा लोखंडाचा काळा ठिपका. हा ठिपका डाग नाही, मातीतच असतो. साच्यात पातळ चिखल ओतून केलेला पॉट आतून एकदम एकसारखा, प्लास्टिकसारखा सपाट, कण नाहीत, जोड नाही, आणि तोटीच्या मुळाशीसुद्धा सलग गोलाई. आत चाकाच्या वर्तुळाकार रेघा दिसल्या आणि वर 'यिशिंगचं पूर्ण हातकाम' लिहिलेलं असेल तरी नको. पण जोड दिसला म्हणून खात्री पटवून घेऊ नका, खोटा जोडही ओढतात, सगळं एकत्र बघायचं.

तळावरच्या शिक्क्यावर आणि सर्टिफिकेटवर पैसे घालू नका. गू जिंगझोऊ (१९१५-१९९६) हा विसाव्या शतकातला यिशिंगचा सगळ्यात मोठा उस्ताद, त्याचे पॉट लिलावात कोटींत जातात, आणि त्याच्या नावाचा शिक्का असलेले पॉट ऑनलाइन काही हजारांत ढिगाने मिळतात. यातलं काय ते समजून घ्या. 'फॅक्टरी वन', म्हणजे यिशिंगच्या जुन्या सरकारी कारखान्याचे पॉट म्हणून येणाऱ्यांचंही तेच, सुरुवातीला त्यात पडू नका. हयात असलेल्या, फारशा नाव नसलेल्या कारागिराचा, अर्ध-हातकामाचा, सरळ तसं सांगून विकलेला पॉट हा सगळ्यात प्रामाणिक सौदा असतो.

यिशिंग बजेटमध्ये बसत नसेल तर नकली यिशिंग घेण्यापेक्षा दुसऱ्या गावचा खरा घ्या. युन्नानमधल्या जिआनश्वेइचे पॉट ग्लेझशिवाय दगडाने घासून चमकवतात आणि त्याच प्रांताच्या पु-एरबरोबर छान जमतात. ग्वांगशीचा निशिंग आहे, ग्वांगडोंगमधल्या चाओझोऊचे लाल मातीचे छोटे पॉट आहेत, जपानच्या तोकोनामेचे आहेत. चाओझोऊ चाकावर करतात आणि तसं सांगतात, तिथे आतली वर्तुळं म्हणजे दोष नाही.

पॉट आला की डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा, तडा निघाला तर तोच पुरावा. मग पाणी भरून ओता, धार अखंड आणि गोल हवी, शेवटी तोटीखालून ओघळ पॉटच्या अंगावर येऊ नये, १००-१४० मिली साधारण १० सेकंदांत रिकामं व्हायला हवं. ओतता ओतता झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं तर धार थांबायला हवी, पूर्ण थांबली नाही, नुसती बारीक झाली, तरी रोजच्या वापराला चालतं. झाकण फिरवून बघा, कुठे अडकतंय का. तोटी, तोंड आणि मूठ वरून एका रेषेत हवी. मग आत उकळतं पाणी घालून पाच मिनिटांनी ते पाणी हुंगा, रंगाचा, मेणाचा, बुटाच्या पॉलिशचा वास आला तर परत पाठवा, नवीन पॉट जुना दाखवायला असलं काही बाही चोळतात. कोऱ्या मातीचा हलका वास पहिल्या दोन-तीन वेळा येतो, तो ठीक.

साबण कधीच नाही. पातेल्यात तळाला फडकं घालून, थंड पाण्यात पॉट ठेवून हळू उकळा, निवू द्या, झालं, यापेक्षा वेगळे सोहळे करायची गरज नाही. त्यानंतर एका पॉटात एकाच जातीचा चहा. आणि पहिल्याच आठवड्यात तोच चहा गाइवानमध्येही करून शेजारी ठेवून प्या. मातीत कडवटपणाची धार जरा बोथट होते आणि अंग भरल्यासारखं वाटतं, पण वरचा सुगंध थोडा कमीही होतो. फरक बारीक आहे. काही चहांना तो हवा असतो, काहींना नको.

पैसे, कस्टम्स आणि पावसाळा

ॲलीएक्सप्रेस भारतात २०२० पासून बंद आहे, ताओबाओ या चिनी साइटवरून घ्यायचं तर एजंट लागतो आणि परत पाठवणं जवळपास अशक्य, म्हणून पहिल्या खरेदीला स्वतःची वेबसाइट असलेला, पेपल किंवा कार्ड घेणारा विक्रेता बघा, म्हणजे वाद झाला तर दाद मागता येते. कस्टम्स ड्युटी आणि कुरियरचं क्लिअरन्स धरूनच किंमत मोजा. 'गिफ्ट लिहून पाठवा' असं सांगू नका, भारतात गिफ्टवर ड्युटी माफ व्हायची ती सूट डिसेंबर २०१९ पासून नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांनीही लक्षात घ्या, ८०० डॉलरपर्यंत ड्युटीशिवाय पार्सल येण्याची सोय २०२५ मध्ये गेली, तेव्हा तिथल्याच गोदामातून पाठवणारा विक्रेता पुष्कळदा स्वस्त पडतो. पॉट आणि झाकण वेगवेगळं गुंडाळून दुहेरी खोक्यात पाठवायला सांगा, लिहून सांगा.

कोकणात, गोव्यात, मुंबईत चहा ठेवणाऱ्यांसाठी खास. आपली हवा ग्वांगडोंगला जवळची, म्हणजे चहा छान पिकू शकतो पण जून ते सप्टेंबर बुरशीची भीती. चकती कागदासकट मातीच्या बरणीत किंवा जाड पुठ्ठ्याच्या डब्यात, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न चिकटवता, आणि पावसाळ्यात आत एक स्वस्तातला हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र, टाका. ७५ टक्क्यांच्या वर सतत राहत असेल तर ते महिने चकती घट्ट झाकणाच्या डब्यात हलवा, ऑक्टोबरात बाहेर काढा. डांबरगोळ्या असलेल्या कपाटात चुकूनही नको. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडे उलटं, उन्हाळ्यात हवा फार सुकी, तिथे डबा बंदच बरा. चकतीवर हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली तर झटकून पिऊ नका, फेका. लिउ बाओत किंवा फू विटेत (विटेच्या आकारात दाबलेला एक चिनी चहा) बारीक पिवळे ठिपके दिसतात ते मात्र 'सोनेरी फुलं', ती हवीच असतात आणि त्यासाठी लोक जास्त पैसे देतात.

पॉटचंही पावसाळ्यात तसंच, चहा झाला की लगेच पानं काढायची, गरम पाण्याने धुवायचा, झाकण बाजूला काढून उपडा न ठेवता उताणाच वाळू द्यायचा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात घालायचा नाही. पानं आत विसरून बुरशी आलीच तर खरवडून काढा, दोन-तीनदा नवीन पाण्यात उकळा आणि दोन दिवस उन्हात ठेवा.